जाळीचा झगा

कामण,
शुक्रवार, रात्री

चि. बाळी,

तुझा निरोप दुपारी वाचला. शाळेच्या गॅदरिंगला तुझी चिमी हंस होणार, तिच्या बॅलेच्या ट्यूटूला जाळी किती मीटर, हा तुझा मुख्य प्रश्न. दोन ओळींत उत्तर झालं असतं. पण शेवटी तू जे सहज म्हणून लिहिलंयस ते वाचून मी हातातलं शिवण खाली ठेवलं. त्यावर येतेच. आधी जाळी.

तुला हवाय तो कमरेशी आडवा ताठ राहणारा प्रकार. तो घेरदार फ्रॉक नव्हे गं. चड्डीवर जाळीच्या झालरी शिवायच्या, मोठ्या नर्तकीला दहाच्या वर थर, खालचे आखूड, वरचे लांब, आणि सगळे सैल टाक्यांनी एकमेकांना धरून ठेवायचे. मधल्या थरात पोलादी तार ओवतात. चिमीला तार नको. न्यूयॉर्कला बार्बरा कारिंस्का या शिवणाऱ्या बाईंनी १९५० साली तार काढूनच टाकली आणि थर आखूड, मऊ केले. दाटीत नाचणाऱ्या मुलींचे झगे मग एकमेकींवर आपटेनात. चिमीला सहा थर पुरे. दीड मीटर पन्ह्याची जाळी तीन मीटर आण. चकाकी मारलेली मुळीच नको.

आणि 'इतका आखूड कशाला, लोक काय म्हणतील' असं सासूबाईंच्या तोंडून विचारलंयस ना? (त्यांच्या नावावर तुझी शंका खपवायची सवय अजून गेली नाही.) अठराव्या शतकात पॅरिसच्या रंगमंचावर मारी कामार्गोने घेर वर घेतला, कारण तिच्या पायांचं काम चपळ होतं आणि ते घोळात बुडत होतं. आमच्या इथे वारली बाया गुडघ्यापर्यंत कासोटा घालून लुगडं नेसतात. ते शेतातल्या चिखलासाठी, पण तारपा नाचाच्या फेरात त्याचा उपयोग बघ. कमरेत हात गुंफलेले, त्यामुळे जे काही नाचायचं ते पायांनी, आणि प्रत्येक पाऊल दिसतं. तिथे पायघोळ साडी नेसवली तर नाच मेला. गेल्या वर्षी एका समारंभात कुणीतरी या बायांना झिप लावलेली शिवलेली नऊवारी घालायला दिली होती. मी पुढच्या रांगेत बसून दातओठ खात होते.

कपडेपटात जन्म गेला, म्हणून सांगते. पोशाख दोन गोष्टी बघून शिवायचा. अंग कसं हलणार आणि दिवा कुठला लागणार. तुम्ही मुली तिसरीच गोष्ट बघता, फोटो. बालगंधर्वांचे शालू, खरे दागिने, त्यांच्या नेसण्याची बायकांनी केलेली नक्कल, हे आपण सगळे कौतुकाने सांगतो. त्यांची नाटक कंपनी कर्जात गेली तेही सांगतो. पण ती जड जर शोभली कशामुळे? १९१६ च्या 'स्वयंवरा'तली रुक्मिणी उड्या मारत नव्हती. मान वळवायची, पदर सावरायचा, सम गाठायची. सावकाश हालचालीला जड कापड साथ देतं आणि बत्तीच्या पिवळ्या उजेडात खरी जर धुमसते. तीच जर आजच्या एलईडीखाली आण, पत्र्यासारखी दिसते. उलट मुंबईत शांती बर्धनांनी १९५२ साली लिटल बॅले ट्रूप काढला आणि रामायण कळसूत्री बाहुल्यांच्या चालीने नाचवलं. तिथे मुखवटे आणि पोशाख त्या खटकेबाज हालचालीला धरून केलेले.

हा पांढरा झगाही दिव्यानेच घडवला. पॅरिसच्या ऑपेरात गॅसचे दिवे १८२२ ला आले. १२ मार्च १८३२ ला तिथे मारी ताल्योनी 'ला सिल्फिद'मध्ये उभी राहिली ती पोटऱ्यांपर्यंतच्या पांढऱ्या, तलम झग्यात. गॅसच्या मंद उजेडात ती बाई माणसातली वाटेना. त्यानंतर वनदेवी, भुतं, हंस, सगळ्याजणी पांढऱ्या जाळीत आल्या. आणि तोच गॅस विंगेत उघड्या ज्योतीने जळत होता.

आता नीट वाच. ताल्योनीची शिष्या एमा लिव्री. गुरूने १८६० साली तिच्यासाठी 'ले पापियों' हा बॅले बसवला, त्यात फुलपाखराचे पंख मशालीवर जळतात. आग धरू नये म्हणून कापडाला औषध लावायचा सरकारी हुकूम त्याआधीच निघाला होता. पण त्या औषधाने झगा कडक आणि मळकट होतो म्हणून एमाने तसा झगा नाकारला. १५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीत तिचा झगा गॅसच्या दिव्याला लागला. आठ महिने तळमळून २६ जुलै १८६३ ला ती गेली. वय वीस. जळक्या कपड्याचे तुकडे पॅरिसच्या ऑपेरा संग्रहालयात जपून ठेवलेत.

आणि तू मला लिहितेस, 'शेवटी सगळ्या मुली खऱ्या पणत्या घेऊन फेर धरणार आहेत, फोटो छान येतील.' अगं, तुला झालंय तरी काय? ती तेव्हाची जाळी सुती-रेशमी होती. तू आणणार ती नायलॉन. ती पेटते, वितळते आणि वितळून कातडीला चिकटते. ओढून काढता येत नाही. जाळीच्या भोकाभोकांत हवा, थरांच्या मध्ये हवा. पहिलीतल्या मुली, हातात तेल, बाजूची कधी वळेल याचा भरवसा नाही, वर केसांना स्प्रे.

उद्याच शाळेत जा. बॅटरीच्या पणत्या मिळतात, स्वस्त असतात, लांबून कुणाला कळतही नाही. बाईंनी 'इतकी वर्षं करतोय, काही झालं नाही' म्हटलं तर हसून परत येऊ नकोस. पणत्या खऱ्याच हव्या असतील तर सगळ्याजणी सुती परकर-पोलक्यात नाचू देत, एकेकीत दोन हात अंतर, विंगेत पाण्याची बादली, ओलं कांबळं आणि एक शहाणा माणूस. तेही मला पटलेलं नाही. तुला बोलायला संकोच वाटत असेल तर त्यांचा नंबर दे, मी बोलते. माझं बोलणं कडू लागलं तर लागू दे.

रविवारी चिमीला घेऊन ये, माप अंगावरच घेईन. डोंबिवलीहून दिव्याला येऊन वसईची गाडी धर आणि कामण रोडला उतर. चुकलीस तर दुसरीला फार वेळ लागतो, म्हणून घरून लवकर निघ. येताना अस्तराला सुती मलमल आण. आणि पणत्यांचं काय ठरलं ते उद्या संध्याकाळी फोन करून सांग, रविवारपर्यंत मला धीर नाही.

तुझी,
मावशी