खालची टाकी

अरबी समुद्रावरून निघालेली वाफ सह्याद्री चढून येते, त्र्यंबकच्या डोंगरांवर कोसळते आणि गोदावरी होऊन पूर्वेकडे चालू लागते. ब्रह्मगिरीपासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत गंगापूर धरणात अडलेलं तिचं पाणी नाशिकच्या नळांना येतं. म्हणजे आपण पितो ते समुद्राचंच पाणी, मीठ मागे ठेवून आलेलं. खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी घरात ठेवायची तर या पाण्याला त्याचं मीठ परत द्यावं लागतं, लिटरमागे ३५ ग्रॅम. माझ्याकडे वरची आणि खालची टाकी मिळून तीनशे लिटर पाणी फिरतं. त्याला साडेदहा किलो मीठ लागलं. स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं समुद्राच्या प्रमाणात असलेलं मीठच हवं, आणि ते विरघळवायला आरओमधून काढलेलं पाणी.

घरी येणारा प्रत्येकजण वरची टाकी पाहतो. चार फूट लांब, निळसर उजेड, खडकाआडून डोकावणारी क्लाऊनफिशची जोडी. माझा जीव मात्र कॅबिनेटच्या दारामागे असलेल्या खालच्या टाकीत, सम्पमध्ये, गुंतलेला आहे. वाड्याची ओसरी पाहुण्यांसाठी असते, पण घर चालतं ते परसदारी, आड आणि न्हाणी असते तिथे. तशी ही टाकी.

ती तयार मिळते, पण मला माझ्या कॅबिनेटच्या मापाची हवी होती. तीन फूट लांब, पंधरा इंच रुंद, पंधरा इंच उंच. काच कापणाऱ्या काकांनी कागदावरची आकृती बराच वेळ निरखली आणि विचारलं, “मधल्या पट्ट्या पूर्ण उंचीच्या का नाहीत?” प्रश्न अगदी मर्माचा होता. सम्पची सगळी करामत त्या पट्ट्यांमध्ये आहे. वरच्या टाकीतून ओसंडून येणारं पाणी पहिल्या कप्प्यात धबाधबा पडतं. तिथे स्किमर असतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे फार बारीक होतात, त्यांना चिकटून माशांची घाण फेसाबरोबर वर चढते आणि पेल्यात जमते. पुढच्या तीन पट्ट्यांपैकी पहिलीवरून पाणी ओसंडतं, दुसरीखालच्या इंचभर फटीतून सरकतं, तिसरीवरून पुन्हा वर येतं. या चढउतारात बुडबुडे मागे राहतात. नंतर मधला कप्पा, आणि शेवटी पाणी वर ढकलणाऱ्या पंपाचा. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पट्ट्यांच्या कडा न सांगता घासून दिल्या. सिलिकॉन लावलं आणि घरभर व्हिनेगरचा वास पसरला. तो पुरता जाईपर्यंत टाकीत थेंबही घालायचा नाही, हा नियम.

पाइपांसाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. नाशिकच्या आसपास द्राक्षबागांच्या ठिबकचं सामान विकणारी दुकानं आहेत. बॉल व्हॉल्व्ह, ग्रोमेट, युनियन तिथे सगळं मिळतं. बागायतदाराला पाण्याचा दाब आणि उतार जितका कळतो तितका मत्स्यालयांवरच्या पुस्तकांनाही कळत नाही, असं माझं मत आहे.

खरी परीक्षा लाईट गेल्यावर. पंप थांबतो, पण वरचं पाणी लगेच थांबत नाही. ओसंडायच्या कडेपर्यंत पातळी उतरेस्तोवर ते खाली येतच राहतं. चार फूट बाय दीड फुटाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे चौदा लिटर. पंपाच्या नळीचं तोंड खोल बुडालेलं असेल तर तीही उलटी वाहू लागते. म्हणून सम्प नऊ इंचांच्या वर भरायचा नाही. वरची सहा इंच मोकळी जागा वाया गेलेली दिसते. खरं तर अंधारात घरातली फरशी कोरडी ठेवणारी तीच. टाकी चालू केल्यावर पहिलं काम पंपाची पिन काढून शांत उभं राहण्याचं.

मधला कप्पा म्हणजे रेफ्युजियम. मला विचाराल तर बाकी सगळं त्याच्यासाठी. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात. खडकावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पुढे बंद टाकीत ते साठतच जातं. रेफ्युजियममध्ये कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ ठेवायचं: हिरव्या, ताठर धाग्यांचा गुंता. नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन तो वाढतो. वाढलेला गुंता उपटून काढला की पाण्यातला मळ त्याच्या अंगाने घराबाहेर जातो. त्याच्यावरचा दिवा वरचे दिवे मालवले की लागतो. रात्री सगळे जीव श्वास सोडतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच उतरू लागतो. तेव्हा खाली जागं असलेलं शेवाळ तो शोषून घेतं. आणि त्या धाग्यांत, कुणी मासा पोहोचत नाही अशा जागी, कोपेपॉड नावाचे जीव वाढतात. डोळ्यांना दिसले न दिसले इतके. काही पंपातून वर जातात आणि माशांच्या तोंडी पडतात. वंश खाली सुरक्षित राहतो. कोकणच्या खाड्यांत कांदळवनाच्या मुळांमध्ये माशांची पिल्लं वाढतात, त्याच कामाचा हा एक छोटा कप्पा.

प्रवाळ माझ्याकडे नाहीत. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे टणक प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आले, आणि ते योग्यच झालं. खडक माणसाने बनवलेला, मासे पैदास केंद्रात जन्मलेले. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाची अशी हॅचरी आहे, हे कळल्यापासून समुद्रातून पकडलेला मासा घ्यावासा वाटत नाही.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. टाकीचं पाणी सव्वीस अंशांवर ठेवायला पंखे लावावे लागतात, आणि कोरडी हवा पाणी पिऊन टाकते. वरची टाकी काठोकाठच राहते. पातळी उतरते ती सम्पच्या शेवटच्या कप्प्यात. तिथे काचेवर मी पेन्सिलीने खूण केली आहे. गेलेलं पाणी गोडं, मीठ मागे राहिलेलं. म्हणून भरही गोड्या पाण्याचीच घालायची. समुद्रावर जे घडलं म्हणून त्र्यंबकला पाऊस झाला, तेच इथे कॅबिनेटमध्ये घडत असतं. जुलैच्या दमट हवेत पातळी खुणेपासून फारशी हलत नाही.

पुढची टाकी बांधेन तेव्हा स्किमरचा कप्पा लहान करीन आणि सम्पची निम्मी लांबी शेवाळाला देईन. माप काढून ठेवलं आहे. काकांनी पट्ट्यांसाठी सहा मिलिमीटरची काच सुचवली आहे.