सोन्याचे झाड

नैनितालला आमची बदली झाली त्या वर्षी आई आमच्याजवळ होती. तिला नुकतेच विसरायला होऊ लागले होते. प्रथम चष्मा, मग पूजा झाली की नाही ते, आणि एके दिवशी आमच्या धाकटीचे नाव.

बंगल्याच्या फाटकाशी एक उंच झाड होते. पान पंख्याच्या आकाराचे, मध्यभागी चिरलेले. दिवाळीनंतर ते अंगोपांगी पिवळे होई. आई त्याला 'सोन्याचे झाड' म्हणे. आपट्याची दुभंगलेली पाने सोने म्हणून वाटणाऱ्या राजापूरच्या बाईला दुसरे काय सुचणार! वनखात्यातील एका स्नेह्यांनी नाव सांगितले, गिंको; आणि याच्याच पानांच्या अर्काने स्मृती सुधारते, अशी पुस्तीही जोडली. आम्ही गोळ्या मागवल्या. डबीवर 'सहस्रावधी वर्षांचे चिनी औषध' असे छापले होते. प्राचीन म्हटले की आम्हां मंडळींची मान आपोआप लवते.

सहा महिने गोळ्या दिल्यावर आम्ही त्या झाडाविषयी वाचू लागलो. (हे आधी करावयास हवे होते.) चिनी परंपरेत मान आहे तो मुख्यतः बीला. ली शिजन यांच्या १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या औषधिग्रंथात खोकला व दमा यांवर ते बी सांगितले आहे, आणि अतिसेवनाविषयी बजावलेही आहे. चिनी लोक ते तांदळाच्या पेजेत शिजवतात. जपानात शरद ऋतूत ते भाजून मिठाशी खातात, किंवा अंड्याच्या वाफवलेल्या खिरीसारख्या 'चवानमुशी'च्या तळाशी एकदोन दाणे ठेवतात. एकदोनच, कारण त्यातील एक द्रव्य 'ब-६' जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते, शिजवूनही ते पुरते नष्ट होत नाही, आणि अधिक खाल्ल्यास झटके येतात. लहान मुले तर दगावलीही आहेत. बीवरच्या गराला कुजक्या लोण्याची घाण येते, आणि त्याचा रस अंगाला लागला तर फोड उठतात. काजूच्या टरफलातील तेलाचाच तो भाऊबंद. कोकणच्या पोरांना अधिक सांगायला नको. आमचे झाड नर होते, म्हणून हा सारा प्रपंच आमच्या अंगणात नव्हता.

झाड फळायला वीसतीस वर्षे लागतात. म्हणून चीनमध्ये त्याला आजोबा-नातवाचे झाड म्हणतात : लावावे आजोबांनी, खावे नातवाने. तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या आमच्यासारख्याने ते कोठे लावावे?

आणि पानांचा तो अर्क? तो जर्मनीत १९६५च्या सुमारास बाजारात आला. म्हणजे आईहूनही वयाने लहान! वय झाडाचे, छापले डबीवर. पुढे अमेरिकेत पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३,०६९ माणसांवर सुमारे सहा वर्षे प्रयोग झाला. २००८ साली निष्कर्ष आला : स्मृतिभ्रंश त्याने टळत नाही. आईला रक्त पातळ करण्याचीही गोळी चालू होती. दोन्ही मिळून रक्तस्रावाचे भय, म्हणून डॉक्टरांनी अर्क बंद करावयास सांगितले. आम्ही तो केला. आशा मात्र डबीबरोबर फेकता आली नाही.

त्या कार्तिकात एकदा कचेरीतून परतताना आई फाटकाशी उभी दिसली. ओंजळीत पिवळी पाने होती. एक पान आमच्यापुढे धरून ती म्हणाली, "सोनं घ्या." आजवर तिने आम्हांला 'घे' म्हटले होते. मग अदबीने विचारले, "आपलं गाव कोणतं?"

आम्ही म्हणालो, "राजापूर."

तिचा चेहरा उजळला. "अगं बाई," ती म्हणाली, "माझंही तेच!"