मैदानावरची पकड

आमच्या काळी वसतिगृहातील मुलींचे खेळ म्हणजे कबड्डी आणि खो-खो. रग्बी हे नाव आम्ही पुष्कळ उशिरा ऐकले. तरीही मॅगी अल्फोन्सी या इंग्लंडच्या रग्बीपटूची कारकीर्द आम्हांस परकी वाटली नाही, कारण तिचा आरंभ एका शाळेत आणि एका शिक्षिकेपाशी होतो.

१९८३ साली लंडनमध्ये जन्मलेल्या मॅगीचे पाऊल जन्मतः वाकडे होते. नायजेरियन वंशाच्या आईने तिला एकटीने वाढवले. उत्तर लंडनमधील तिच्या शाळेत लिझा बर्जेस या क्रीडाशिक्षिका होत्या. त्या स्वतः वेल्सच्या आंतरराष्ट्रीय रग्बीपटू. या मुलीला रग्बीची वाट त्यांनीच दाखवली. २००३ साली मॅगी इंग्लंडच्या संघात आली आणि ७४ आंतरराष्ट्रीय सामने खेळली.

तिची जागा फ्लँकरची. चेंडू घेऊन धावणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूला पकडून खाली पाडणे, हे तिचे मुख्य काम. आमच्यासारख्या कबड्डीत वाढलेल्यांना पकडीचे मोल सांगावे लागत नाही. मात्र दोन्ही खेळांत एक मोठा फरक आहे. कबड्डीत चढाईवाल्याचा दम सुटेपर्यंत पकड सोडायची नसते. रग्बीत समोरचा खाली पडताच त्याला सोडावे लागते. पुन्हा पायांवर उभे राहावे, मगच चेंडूला हात घालावा. बळ हवे, आणि ते त्याच क्षणी आवरताही यायला हवे. अशा पकडींची नोंद धावफलकावर होत नाही. मॅगीची कीर्ती मात्र त्यांवरच उभी राहिली.

२०१० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना इंग्लंडने मायदेशात न्यूझीलंडविरुद्ध १३-१० असा गमावला. चार वर्षांनी पॅरिस येथे कॅनडाला २१-९ असे नमवून इंग्लंडने २० वर्षांनंतर विश्वचषक जिंकला, तेव्हा मॅगी मैदानावर होती. २०१६ साली जागतिक रग्बीच्या सन्मान दालनात तिचे नाव दाखल झाले.

आमच्यापैकी कितीतरी जणींचा खेळ दहावीच्या वर्षी थांबला. हातपाय मोडला तर पुढे कसे व्हायचे, ही घरच्यांची चिंता होती. ती मायेपोटी होती, हे आम्ही जाणतो. आता आम्हीच आई-मावशा झालो आहोत आणि तोच निर्णय आमच्या हाती आला आहे. जिच्या पावलाची काळजी जन्मापासून वाहावी लागली, त्या मुलीला मैदानावर जाऊ देणाऱ्या आईचे धैर्य आम्हांस विश्वचषकाहून लहान वाटत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. क्रीडाशिक्षकांनी तुमच्या लेकीचे नाव संघासाठी सुचवले, तर नकार देण्यापूर्वी एकदा मैदानाच्या कडेला उभे राहून तिचा खेळ अवश्य पाहावा.