रिकामे आणि मोकळे

पुण्याच्या पूर्वेला, हडपसरहून सासवडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ग्लायडिंग सेंटरचे गवताळ मैदान आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे हे केंद्र. भोवती शहर दाटत गेले, तसे या मैदानाविषयी 'एवढी जागा रिकामी पडली आहे' हे वाक्य वारंवार कानी येऊ लागले.

मराठीत 'रिकामे' आणि 'मोकळे' हे शब्द शेजारी नांदतात, पण ते एक नव्हेत. रिकाम्यात काहीतरी भरायचे राहून गेलेले असते. मोकळे आहे तसेच पुरेसे असते. 'रिकामा माणूस' ही निंदा, 'मोकळा माणूस' ही स्तुती.

हा फरक मला काही वर्षांपूर्वी याच मैदानावरून प्रशिक्षकासोबत ग्लायडरमध्ये बसलो तेव्हा नीट उमगला. ग्लायडरला इंजिन नसते. मैदानाच्या दुसऱ्या टोकावरचे विंच पोलादी दोर वेगाने गुंडाळू लागते आणि ग्लायडर पतंगासारखे चढते. वर दोर सुटतो. मग ऐकू येतो तो केवळ वारा. शांत हवेत १ मीटर उंची गमावताना ते साधारण २५-३० मीटर पुढे सरकते. पुन्हा वर जायचे तर तापलेल्या जमिनीवरून उठणारी ऊन हवा शोधून तिच्यात घारीसारख्या घिरट्या घालाव्या लागतात. 'झेप', 'भरारी' हे आपले लाडके शब्द येथे थिटे पडतात. त्यांत स्वतःच्या बळाचा अभिमान आहे. येथे सारे बळ उसने, जमिनीकडून आणि उन्हाकडून घेतलेले.

उतरताना तर जमिनीशिवाय दुसरा आधारच नसतो. इंजिनाचे विमान अंदाज चुकल्यास पुन्हा वर जाऊ शकते. ग्लायडरला ती मुभा नाही. चढताना कमी उंचीवर दोर तुटला, तर समोर उरलेल्या मैदानावरच उतरावे लागते. म्हणजे ज्या गवतावर महिनोन्‌महिने चाक टेकत नाही, तेही प्रत्येक उड्डाणात वापरलेले असते. कवितेच्या ओळीपुढची कोरी जागा कागदाची नासाडी नसते, हे साहित्याच्या वर्गात आपण सहज सांगतो. शहराचा नकाशा वाचताना मात्र ते विसरतो.

या जमिनीचे मोल चौरस फुटांत काढणाऱ्यांशी वाद घालण्याइतके अर्थशास्त्र मला येत नाही. परंतु इतके दिसते, की इमारत नंतर उभी राहते. त्याआधी कोणीतरी मोकळ्या जागेला रिकामी म्हटलेले असते.