तांबडी धूळ

बोअरची गाडी सुरू असली की शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावं लागतं. पंधरा दिवसांपूर्वी पारनेर तालुक्यातल्या आमच्या रानात मी आणि अण्णा उभे होतो. राखाडी भुकटी उडत होती. शंभर फूट, दीडशे फूट. प्रत्येक फुटाचे पैसे माझ्या खात्यातून जाणार होते. दोन एकर डाळिंब जगवायचं होतं आणि हे आमचं तिसरं बोअर.

एकशे ऐंशीच्या आसपास भुकटी अचानक तांबडी झाली. "गेरू लागला!" गाडीवरचा पोरगा ओरडला. अण्णांचा चेहरा उजळला. पण पुढेही नुसता फुफाटा. साडेतीनशेला थांबलो.

रात्री झोप येईना. दगडाच्या पोटात लाल माती आली कुठून, हे मोबाइलवर शोधत बसलो आणि पहाटेपर्यंत ज्वालामुखीपाशी पोचलो.

माझ्या डोक्यातला ज्वालामुखी शाळेच्या प्रदर्शनातला. मातीचा डोंगर, खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. पृथ्वीच्या पोटात लाव्ह्याचा समुद्र उकळतोय, असंही वाटायचं. तसा समुद्र नाही. कवचाखालचं प्रावरण जवळजवळ सगळं घन आहे. उष्णता भरपूर, पण वरच्या खडकाचं ओझं त्याला वितळू देत नाही. हा तापलेला खडक अतिशय सावकाश वर सरकतो, दाब उतरतो, आणि आच न वाढवताच त्याचा थोडा भाग वितळतो. (समुद्रतळ खंडाखाली घुसतो तिथे त्याच्यासोबत गेलेलं पाणी खडकाचा वितळणबिंदू खाली आणतं. रस्ता वेगळा, परिणाम तोच.)

हा शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू विरघळलेले असतात. सोड्याच्या बाटलीचं उदाहरण सगळेच देतात, कारण ते चपखल आहे. दाब कमी झाला की बुडबुडे सुटतात. पुढचं सगळं रस किती चिकट आहे यावर. सिलिका जास्त असेल तर बुडबुडे अडकतात, दाब साठतो आणि डोंगरच फुटतो. 1980 साली अमेरिकेत सेंट हेलेन्स असाच फुटला, 1991 साली फिलिपिन्समध्ये पिनाटुबो. सिलिका 50 टक्क्यांच्या आसपास असली की रस पातळ, वायू सहज निसटतात, लाव्हा वाहत सुटतो. हा बेसॉल्ट. आपल्या पायाखालचा काळा दगड.

म्हणजे आपल्याकडे एकच मोठा डोंगर फुटला नव्हता. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा पसरत गेला. पुन्हा पुन्हा, थरावर थर. आजही तो सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. आइसलँडमध्ये 1783 साली लाकी इथे 27 किलोमीटरची भेग आठ महिने वाहत होती. तिच्या विषारी वायूंनी गुरं मेली, दुष्काळ पडला आणि देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनपुढे ती किरकोळ. ज्या उष्ण जागेवरून तेव्हा आपला भूखंड सरकत होता, तिच्यावर आता रीयुनियन बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून वाहतो. आपण पुढे निघून आलो.

मला मात्र थरांशी काम होतं. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवतो, म्हणून घट्ट होतो. हा काळा पाषाण, यात पाण्याला जागा नाही. वर निघालेले बुडबुडे माथ्याशी अडकून राहतात. तो सच्छिद्र भाग म्हणजे विहीर खोदणाऱ्यांचा मांजऱ्या. आणि दोन थरांच्या मधे कधीकधी गेरू. लाव्हा बराच काळ थांबला, तेवढ्यात वरचा खडक कुजला, त्यातलं लोखंड गंजलं. आम्ही एकशे ऐंशी फुटांवर एका विश्रांतीला भोक पाडलं होतं.

पण गेरू चिकणमातीसारखा. पाणी धरतो, सोडत नाही. मांजऱ्यातल्या पोकळ्याही पुष्कळदा नंतरच्या पांढऱ्या खनिजांनी बुजलेल्या असतात. लहानपणी ओढ्यातले ते चमकणारे खडे मी डबाभर जमवले होते! पाणी राहतं ते भेगांत आणि कुजक्या, एकमेकांना जोडलेल्या पोकळ्यांत. तीही जास्त करून वरच्या भागात, खोल जावं तशा भेगा मिटत जातात.

सकाळी हे अण्णांना सांगितलं. त्यांना घेऊन जुन्या विहिरीत उतरलो. पंचवीस फुटांवर मांजऱ्याचा पट्टा ओलसर होता. म्हटलं, चौथं बोअर नको, हीच रुंद करू, वरच्या ओढ्याला बांध घालू.

अण्णा पट्ट्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "म्हणजे तुझे पैसे मी दगडात घातले," ते म्हणाले.

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तसंच ऐकू गेलं असणार.

काल आईचा फोन आला. अण्णांनी नारळवाल्या पाणाड्याला रविवारी बोलावलंय. मी शनिवारी रात्रीच्या एसटीने निघतोय.