सिंहगडाच्या वाटेवरची नवी वस्ती

स्वारगेटहून सिंहगडाकडे निघालात, की दांडेकर पूल, विठ्ठलवाडी, वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा आणि किरकटवाडी मागे टाकीत आपण खडकवासला धरणापाशी पोहोचता. सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना हा रस्ता आठवत असेल तो गडावरच्या पिठलं-भाकरीच्या आणि मडक्यातल्या दह्याच्या ओढीने केलेल्या सहलींचा. तेव्हा वडगाव मागे पडले की शेते सुरू होत. आज तेथे बारा-पंधरा मजली इमारतींची रांग आहे आणि त्यांच्यामधून डोकावणारा एखाद्या देवळाचा कळस, तेवढीच काय ती जुन्या गावाची खूण.

या इमारतींत केवळ तरुण नोकरदार राहतात असे नव्हे. सातारा, सोलापूर, लातूरहून मुलाकडे राहावयास आलेले आईवडीलही तेथे आहेत. पलीकडे गावठाणात जमीन विकलेले वा राखलेले मूळचे वृद्ध आहेत. एकाला पारावरचे सोबती दुरावले, दुसऱ्याच्या पाराभोवती वाहने उभी राहिली. दोघांचे दुखणे वेगळे, पण गुडघे तेच, रक्तदाब तोच आणि पाणीही तेच.

पाण्याची कथा येथे थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते. धायरी २०१७ मध्ये आणि नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. घरे मात्र त्याआधीच उभी राहू लागली होती. मोठ्या जलवाहिन्या आणि सांडपाण्याची व्यवस्था त्यांच्या मागून चालत राहिली. ज्या धरणाचे पाणी पुणे पिते, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना विहिरीवर, कूपनलिकेवर आणि टँकरवर विसंबावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. पुणे परिसरातील संशयितांची संख्या पुढे दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि नांदेडच्या विहिरीकडे साऱ्यांचे लक्ष वेधले गेले.

या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. जुलाब होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय लटके पडू लागले आणि ती दुर्बलता वर सरकू लागली, तर ‘वयाचा थकवा’ म्हणून घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. श्वासाचे स्नायू दुबळे होण्याआधी उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण सावरतात.

रस्त्याचाही प्रश्न आरोग्याचाच आहे. एका बाजूस मुठा नदी, दुसऱ्या बाजूस कालवा व टेकड्या. या चिंचोळ्या पट्टीत मुख्य रस्ता एकच. नवा उड्डाणपूल झाला तरी सायंकाळी रुग्णवाहिकेला वाट मिळतेच असे नाही. काठीच्या आधाराने चालणाऱ्यास पलीकडे जाणे अवघड होते, म्हणून तो फिरणे सोडतो. फिरणे सुटले की साखर वाढते, तोल जातो, मन खचते. नदीचाही विसर पडू नये. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पाऊस आणि धरणातून सोडलेले पाणी यांमुळे नदीकाठच्या एकतानगरीतील सोसायट्यांत पाणी शिरले होते. अशा वेळी इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि औषधांची यादी एका पिशवीत तयार असणे फार मोलाचे ठरते.

आपल्या गावाभोवतीही अशीच वस्ती वाढत असेल, तर घर घेताना किंवा आईवडिलांना नव्या घरी नेताना दिवाणखान्याच्या आकाराआधी काही प्रश्न विचारावेत. पिण्याचे पाणी कोठून येते? टाकी शेवटची कधी धुतली? नळाच्या पाण्यात क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे का, हे स्वस्त चाचणी-संचाने कळते. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का? वीज गेल्यास लिफ्ट चालते का? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येईल, हे रखवालदाराला ठाऊक आहे का?

आणखी एक विनंती. सोसायटीच्या कुंपणापलीकडे जे जुने गाव आहे, तेथे एकदा सकाळी जाऊन या. कोणती विहीर उन्हाळ्यात तळ गाठते आणि पावसाचे पाणी कोणत्या ओढ्याने येते, हे तेथील वृद्धांना ठाऊक असते. पाण्याच्या तक्रारीच्या अर्जावर कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या सह्या असल्या, तर त्याचे वजन वाढते. आणि एकट्या पडलेल्या आजोबांना बोलावयास एक सोबतीही मिळतो.