जालंधरची थंडी

जालंधर, 25 डिसेंबर

ती. आई, सा. न.

धुक्यामुळे झेलम एक्सप्रेस साडेपाच तास उशिरा पोचली. दोन्ही रात्री व्हायोलिनची पेटी बर्थवर आणि माझे पाय बाहेर. तुझ्या दशम्या अंबाल्यापर्यंत पुरल्या. मिनूचा खोकला? तिला अडुळसा दे, कितीही तोंड वाकडं केलं तरी.

मी उतरलेय तिथला मॅनेजर म्हणजे एक प्रकरण आहे. दुसरी रजई मागितली तर म्हणाला, ‘एका माणसाला एक.’ गरम पाणी सकाळी फक्त तासभर. आज बादली भरून घेतली आणि आंघोळ सोडून तीत हात बुडवून बसले. बोटं वळतच नव्हती गं. दमट हवेनं गजाचे केसही सैल पडतात, दर थोड्या वेळानं पीळ द्यावा लागतो.

जेवणाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. मक्याची रोटी, सरसोंचा साग, वर लोण्याचा गोळा. तीन रोट्या खाल्ल्या. मग रात्री पलंगावर बसून नुसता सा लावला, लांब गजानं. तो हलला की तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, ‘हललं!’ रेडिओवर डी. के. दातार लागले की गॅस बारीक करायचीस. त्यांचा गज कुठं उलटला ते कधी कळलं का आपल्याला?

27 डिसेंबर, रात्रीचे अडीच

झालं एकदाचं वादन. देवी तलावाच्या मंडपात लोक रजया घेऊन बसतात. 1875 पासून चाललंय हे संगीत संमेलन! आपल्या कुरुंदवाडचे पलुस्करबुवाही इथं गाऊन गेले. त्यांना कोणी किती रजया दिल्या होत्या कोण जाणे.

खोलीत लावलेल्या तारा मंडपात चढल्या, पुन्हा जुळवल्या. बागेश्री घेतला. पहिला सा हलला. तू असतीस तर ओरडली असतीस. भीती माझ्या उजव्या मनगटात बसते. द्रुत तानांत लपते, पण विलंबितात गज मुंगीच्या पावलानं सरकतो तेव्हा पार उघडी पडते. दोनदा वाटलं, पटकन द्रुतात पळावं. नाही पळाले. धैवतावर गज तसाच ओढत राहिले, आणि मधे केव्हातरी थंडीचं विसरले.

पुढ्यात एक म्हातारे सरदारजी, नाकापर्यंत रजईत, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत. मुखडा घेऊन समेवर आले, तर त्यांनी रजईतून अख्खा हात बाहेर काढला. या थंडीत! आणि मानधनाचं पाकीट अजून उघडलेलं नाही.

काल अमृतसरला जाऊन आले. सुवर्णमंदिर पाहिलं, लंगरात जेवले. तुझ्यासाठी शाल घेतली. सातशे म्हणत होता, साडेपाचशेला दिली. तुला महागच वाटणार.

उद्या रात्री गाडीत बसतेय. मंगळवारी उजाडता पोचेन, धुकं नसेल तर. वरण-भात कर, वर लिंबू. साग आता पुरे.

तुझी,
शमा